अर्ज कोण लिहिणार?

खानदेशातल्या एका जिल्हा कारागृहात आम्ही तिघं निवृत्त शिक्षक दर मंगळवारी आणि शुक्रवारी साक्षरतेचा वर्ग घ्यायला जायचो. त्या वर्गासाठी आतल्याच तीन पदवीधर बंद्यांना सहायक म्हणून तयार करायचं ठरलं, त्याची ही हकिकत. कारागृहाचं नाव आणि कुणाचीही ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. बाकी घडलं ते आमच्या चुकांसकट मांडते आहे. या कामाला हात घालणाऱ्यांना त्या चुकांचाच जास्त उपयोग होईल.

सहायक लागले ते एका साध्या हिशेबामुळे. दीड-दीड तासाचे दोन वर्ग, म्हणजे आठवड्याला तीन तास. सकाळी गिनती, चहा, तारखेला जाणाऱ्यांची गडबड, मुलाखती, दुपारी बराकी बंद, चार-पाचच्या सुमाराला जेवण आणि दिवेलागणीच्या आत बराकीला कुलूप. त्यानंतर सकाळपर्यंत बाहेरचा शिक्षक आत पाऊल टाकू शकत नाही. मंगळवारी पाटीवर आलेला ‘का’ शुक्रवारपर्यंत पुसला जायचा. कुलपाआडचे ते बारा तास वापरायचे तर शिकवणारा माणूस त्याच बराकीत झोपणारा हवा.

कल्पना आमची नव्हे. तिहारमध्ये ‘पढो और पढाओ’ या नावाने शिकलेले बंदी न शिकलेल्यांना शिकवत आले आहेत. ब्रिटनमध्ये शॅनन ट्रस्ट या स्वयंसेवी संस्थेच्या कामात वाचता येणारा बंदी न येणाऱ्यासोबत रोज वीस मिनिटं बसतो. अमेरिकेत तुरुंगातल्या विद्यार्थ्यांचं पेल अनुदान, म्हणजे कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी मिळणारी सरकारी मदत, १९९४ मध्ये बंद झालं आणि १ जुलै २०२३ पासून पुन्हा सुरू झालं. तिथल्या काही कार्यक्रमांत आत राहून पदवी मिळवलेले लोक पुढच्या तुकडीचे सहायक होतात. पण तिथला पदवीधर बहुधा लांब शिक्षेचा असतो, वर्षानुवर्षं त्याच जागी असतो. आपल्या जिल्हा कारागृहाचं तसं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशभरातल्या ५ लाख ७३ हजारांवर बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे खटला चालू असलेले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी हे डोळ्यांनाच दिसतं, कारण मोठी शिक्षा लागली की माणूस नाशिक रोडसारख्या मध्यवर्ती कारागृहात जातो. आज समोर बसलेला उद्या जामिनावर सुटेल की नाही हे कुणालाच माहीत नसतं. या फरकाचा विचार आम्ही सुरुवातीला केलाच नाही.

आम्ही निवड केली पदवी आणि अक्षर बघून. ही पहिली चूक.

तिघांना बराकीतली माणसं पदवीनेच ओळखायची, मीही इथे तसंच लिहिते. बी.कॉम. चाळिशीचा होता, एका पतसंस्थेत हिशेब लिहायचा, आर्थिक गुन्ह्याच्या खटल्यात आत आला होता. त्याचं अक्षर छापल्यासारखं. बी.ए. तिशीतला, शहाद्याकडचा, सहा-सात वर्षं स्पर्धा परीक्षांच्या मागे असलेला. त्याला अहिराणी, गुजरी आणि पावरी तिन्ही बोलता यायच्या. पण अर्जाच्या कागदावर आम्ही ‘येणाऱ्या भाषा’ असा रकानाच ठेवला नव्हता, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. बी.एस्सी. सर्वांत लहान, केळीच्या पट्ट्यातला, अबोल. प्रश्न विचारला की आधी जमिनीकडे बघायचा.

पहिलं प्रशिक्षण सहा बैठकांचं झालं. पाठटाचण, फळ्यावर लिहिण्याची पद्धत, अक्षरगट, जोडाक्षरं, उजळणी. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्या शिदोरीतून जे निघालं ते दिलं. साहित्याचीही व्यवस्था केली. शार्पनरमधलं पातं आत चालत नाही म्हणून शिसपेन्सिली बाद, पाटी आणि पाटीवरची पेन्सिल पास. वह्यांच्या पिना काढून दोऱ्याने शिवून घेतल्या. ‘उल्लास’ योजनेची परीक्षा डोळ्यांपुढे होती. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठीची ही केंद्राची योजना २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना ५० गुण प्रत्येकी, एकूण १५०. तिच्यात शिकवणारा माणूस स्वयंसेवक असतो, त्याला मानधन नसतं. आम्हाला वाटलं, सगळं नीट बसलं.

तिसऱ्या आठवड्यात बी.कॉम.च्या बराकीतली संध्याकाळची उपस्थिती गळायला लागली.

त्या बराकीत एक आबा होते. साठीच्या आसपासचे, कापूस पिकवणारे, शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणाच्या खटल्यात आलेले. आमच्या वर्गातले ते सगळ्यांत जिद्दीचे. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, ‘आबा, काय वाचायला शिकायचंय?’ त्यांनी खिशातून घडी पडलेला कागद काढला आणि म्हणाले, ‘मनी तारीख.’ पुढच्या तारखेचा दिवस त्यांना दर वेळी दुसऱ्याला विचारावा लागायचा. मग आम्ही ‘अ अननसाचा’ बाजूला ठेवून ‘तारीख’ याच शब्दापासून सुरुवात केली. त, र, ख, एक काना, एक दीर्घ वेलांटी. मग आकडे, मग महिन्यांची नावं. दोन आठवड्यांत आबांनी आपल्या कागदावरचा दिवस स्वतः वाचला. त्या दिवशी त्यांनी तो चार जणांना वाचून दाखवला, आणि त्यातल्या दोघांनी दुसऱ्याच दिवशी पाटी मागितली.

असा माणूस अचानक यायचा थांबला. विचारलं तर ‘तब्येत बरी नही’ एवढंच. शेवटी एका हवालदारांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘मॅडम, आबांकडे बिस्किटं थकलीयत.’

बाहेरच्या माणसाला हे वाक्य कळायला थोडं आतलं जग माहीत हवं. कारागृहात सगळं अर्जाने चालतं. डॉक्टरांना दाखवायचं, अर्ज. घरी फोन लावायचा, अर्ज. मनीऑर्डर आली का विचारायचं, बराक बदलून मागायची, सरकारी खर्चाने वकील मागायचा, सगळ्याला अर्ज. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे, पण त्या हक्काचा दरवाजाही कागदावरूनच उघडतो. ज्याला लिहिता येत नाही त्याने कुणाकडून तरी लिहून घ्यायचं. बी.कॉम. आमच्या कितीतरी आधीपासून बराकीतला अर्ज लिहिणारा होता. एका अर्जाला कॅन्टीनचे दोन बिस्किटपुडे किंवा एक साबण. धाक नाही, दमदाटी नाही. चालत आलेली रीत होती ती. आबांचे तीन अर्ज उधारीवर होते. वर्गाला यायचं म्हणजे ज्याचं देणं आहे त्याच्यासमोर रोज पाटी घेऊन बसायचं. ते त्यांच्या मानी स्वभावाला झेपलं नाही.

मी त्या गटाच्या वह्या मागवल्या आणि एकेक पान उलटत गेले. तीन आठवडे नुसती बाराखडी. क का कि की, ख खा खि खी, अतिशय नेटकी. एकाही वहीत पूर्ण वाक्य नाही. एकाही वहीत स्वतःचं नावसुद्धा नाही. बी.एस्सी.च्या गटाने तेवढ्याच दिवसांत सही करायला सुरुवात केली होती.

बी.कॉम.ला मी एकट्याला बोलावलं. त्याने काही लपवलं नाही. ‘ताई, मी कुणाला नाही म्हटलं नाही. पण यांना लिहायला यायला लागलं तर माझ्याकडे कोण येईल? घरून मनीऑर्डर येत नाही. साबण कुठून आणू?’

मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. घरी येताना एस.टी.त मी त्याच्यापेक्षा स्वतःवर जास्त चिडले होते. शिक्षाधीन बंद्याला कामाची मजुरी मिळते, चांगल्या वर्तनाची माफी, म्हणजे शिक्षेत सूट, मिळते. न्यायाधीन माणसाला माफी लागू नाही, कारण त्याला अजून शिक्षाच नाही. आम्ही त्याच्याकडून रोजचे दोन तास मागितले, वर त्याच्या बराकीतल्या पोटापाण्याच्या एकमेव साधनावर पाटी फिरवायला सांगितलं, तेही त्याच्याच हाताने. आणि या गोष्टीचा उच्चारही न करता त्याला बाराखडीचा क्रम शिकवत बसलो. प्रशिक्षण द्यायचं होतं ते इथे.

पुढे काय करायचं यावर कारागृहातल्या अधिकाऱ्यांशी दोन बैठका झाल्या. एक सूचना आली की त्याला काढून टाकावं. दुसरी आली की उलट त्याला जबाबदारी द्यावी, हजेरीपत्रक त्याच्याकडे सोपवावं, वर्गाला न येणाऱ्यांची नावं तो कळवेल. या दुसऱ्या सूचनेला मी ठाम विरोध केला. संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे नेल्सन मंडेला नियम या बाबतीत स्पष्ट आहेत. चाळिसावा नियम सांगतो की शिस्तीचा अधिकार कोणत्याही बंद्याच्या हाती देऊ नये, मात्र देखरेखीखाली शैक्षणिक कामाची जबाबदारी बंद्यांच्या गटाला देता येते. या दोन्हींमधली रेघ पुसली की सहायकाचा हवालदार होतो. ज्याच्या हातात खडू आहे त्याच्या हातात हजेरी नको, शिफारस नको, तक्रार नको. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान्य केलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तीन गोष्टी केल्या. अधीक्षकांच्या परवानगीने वर्गातल्या सगळ्यांनाच, सहायकांसह, महिन्याला साबण, तेल आणि दंतमंजन मिळेल अशी सोय एका दात्याकडून लावली. फक्त सहायकांना दिलं असतं तर नवी पायरी तयार झाली असती. साबण सगळ्यांकडे आला तसा अर्जाचा साबणातला भाव आपोआप उतरला. बिस्किटांचा व्यवहार पूर्ण थांबला असं मी म्हणणार नाही. दुसरं, हजेरी शिकणाऱ्यानेच मांडायची, आधी खूण, मग आद्याक्षर, मग नाव. तिसरं, सहायकांचं प्रशिक्षण पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेला पहिल्या बैठकीत मी फळ्याला हात लावला नाही. धडगावकडचा एक विशीचा तरुण वर्गात होता, घरी पावरी बोलणारा, मराठी जेमतेम समजणारा. त्याला विनंती केली की या सरांना तुझ्या भाषेतली दहा पाखरं शिकव. तो आधी लाजला, मग रंगात आला. त्याने एकेक नाव तीनदा म्हटलं आणि लगेच उलटतपासणी सुरू केली. बी.कॉम.ला दहांतली दोन आठवली. बी.एस्सी.ला एकही नाही. मी, त्यांच्याच रांगेत बसलेली, तीनवर अडकले. तरुण हसला नाही. त्याने सगळी नावं पुन्हा सावकाश म्हटली आणि ज्याला जे येत नव्हतं तेवढंच त्याला परत विचारलं. त्यानंतर प्रत्येकाने डाव्या हाताने स्वतःचं पूर्ण नाव पाटीवर लिहायचं होतं. बी.कॉम.चं ते छापील अक्षर वाकडंतिकडं होऊन ओळीबाहेर गेलं. त्याने घाईने तळव्याने पाटी पुसली आणि मग त्या पुसलेल्या पाटीकडे बराच वेळ बघत राहिला. ‘आबा असंच पुसतात,’ तो म्हणाला.

या बैठकीत मी त्यांना आपल्याच मुलखातली एक गोष्ट सांगितली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. ती आज आपल्याला वाचायला मिळतात, कारण समोर बसून साने गुरुजी ती टिपून घेत होते. अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवलेला शिक्षक तिथे ऐकणारा झाला होता, दुसऱ्याचे शब्द दुसऱ्याचेच ठेवून लिहिणारा. सहायकाकडून मला तेवढंच हवं होतं.

त्यातून नियम ठरले आणि ते तिघांनीच शब्दांत बसवले. समोरच्याच्या हातातली पेन्सिल घ्यायची नाही. गुन्ह्याचं कलम विचारायचं नाही. अर्ज लिहून द्यायचा नाही, लिहवून घ्यायचा. दुखणंखुपणं असेल, घाई असेल तर द्यावा, पण त्यावर अंगठा नाही, सही. पाठ्यपुस्तक म्हणून अर्जच घेतला. बी.कॉम.ने एका मोठ्या पुठ्ठ्यावर अर्जाचा नमुना काढला, ‘प्रति’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत, आणि तो बराकीच्या भिंतीला खालच्या अंगाला लावला, बसलेल्या माणसाच्या नजरेला पडेल असा. हे त्याला सुचलं होतं, मला नाही.

भाषेवरून मात्र खरा वाद झाला, तोही सहायकांत. आबांनी घरी पहिलं पत्र लिहिलं: ‘मी बरा शे. कापूस येचा का?’ बी.एस्सी.ने त्यावर खुणा करून ‘मी बरा आहे. कापूस वेचला का?’ असं दुरुस्त केलं. बी.ए. तापला. म्हणाला, आबांची बायको हे पत्र नातवाकडून वाचून घेणार, तिला ‘आहे’ ऐकून वाटेल की पत्र दुसऱ्यानेच लिहिलंय. आयुष्यभर मी असल्या वाक्यांवर लाल शाई ओढली आहे. पण बी.ए.चं म्हणणं बिनतोड होतं. ठरलं ते असं की घरचं पत्र घरच्या बोलीत, अर्ज कचेरीच्या मराठीत, आणि दोन्हींतला फरक हाच एक धडा. पावरी बोलणाऱ्या तरुणाला तर बी.ए.ने आधी त्याच्या भाषेतले शब्द देवनागरीत लिहायला दिले. अक्षरांशी ओळख झाल्यावर मराठी वाचन त्याला पुष्कळ सोपं गेलं. ज्याच्याकडे आमचं सर्वांत कमी लक्ष गेलं होतं तो सहायक सर्वांत चांगला निघाला. आता निवडीच्या कागदावर भाषांचा रकाना सगळ्यात वर आहे.

मग एका बुधवारी संध्याकाळी बी.एस्सी.चा जामीन झाला. आनंदाचीच गोष्ट. जाताना त्याने सगळ्यांना नमस्कार केला, आणि शुक्रवारी त्याच्या गटातले सहा जण पाट्या मांडीवर घेऊन कुणाकडे बघावं ते न कळून बसलेले दिसले. कोण कुठवर आलंय हे फक्त त्यालाच माहीत होतं. सुरुवातीला ज्या फरकाचा विचार केला नाही म्हटलं, तो असा अंगावर आला.

त्यावर दोन उपाय केले आणि दोन्ही अजून चालू आहेत. प्रत्येक सहायकाला गटातलाच एक जोडीदार, पदवीची अट नाही. आणि एक सोपवणीची वही, तिच्यात शिकणाऱ्या प्रत्येकाचं एक पान: काय येतं, काय येत नाही, कशाने बिचकतो, कशाने खुलतो. गुन्ह्याबद्दल, घराबद्दल एक शब्द नाही. जोडीदारांमध्ये एक आठवी झालेला गवंडी होता. त्याने हाताळलेला गट बी.एस्सी.च्या मूळ गटापेक्षा लवकर वाचायला लागला. न येणं म्हणजे काय ते त्याला आठवत होतं, एवढंच कारण मला दिसतं. पदवीधर हवा हा आग्रह मी आता सोडला आहे. दहावीच्या किंवा मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासाला मदत करायची तर पदवी कामाला येते. अक्षर ओळखायला शिकवण्यासाठी तिची अट घालण्यात अर्थ नाही.

प्रमाणपत्राचा प्रश्न राहिला. सहायकांनी ते मागितलं, आणि मागणं रास्त होतं. पण जामीन अर्जाला जोडायचं प्रमाणपत्र हा मोबदला ठरला असता तर शिकवणं पुन्हा देवाणघेवाणीतच गेलं असतं, आणि त्याची शिफारस कुणी करायची हा अधिकार परत कुणाच्या तरी हातात आला असता. आम्ही कामाचे दिवस आणि तास नोंदवलेला साधा दाखला सुटतेवेळी द्यायचं ठरवलं, सगळ्यांना एकाच मजकुराचा. त्याने बी.ए.चं समाधान झालं नाही. मला त्याचं असमाधान पटतं, आणि याहून चांगला मार्ग मला अजून सापडलेला नाही.

बी.कॉम. बदलला तो हळूहळू आणि सरळ रेषेत नाही. मध्ये एकदा त्याने पुन्हा बिस्किटं घेतल्याचं कानावर आलं. विचारल्यावर मान्य केलं, परत केली. आबा वर्गात परतले ते त्याच्या बोलावण्याने. तो स्वतः त्यांच्या जागेपाशी जाऊन म्हणाला, ‘आबा, ते तीन अर्ज फिटले. आता चौथा तुम्ही लिहा.’ तो चौथा अर्ज मोफत वकिलासाठी होता आणि त्याला अकरा दिवस लागले. रोज एक ओळ. मी त्यांना लिहिताना बघितलं आहे. पाटी गुडघ्यावर, जीभ दातांत, प्रत्येक शब्दानंतर भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे नजर. ‘क्ष’ मात्र काही केल्या वळेना. पाटीवरून कागदावर उतरवताना त्यांनी ‘अधीक्षक’ शब्दात मधली जागा मोकळी सोडली. बी.कॉम. शेजारी बसून होता, हात मांडीखाली दाबून. अर्ज तसाच, मोकळ्या जागेसकट गेला. आठवड्याभरात प्राधिकरणाकडून वकील आले.

पुढे बी.कॉम.च्या खटल्याचा निकाल लागला आणि त्याची रवानगी नाशिक रोडला झाली. जायच्या आदल्या रात्री त्याने सोपवणीची वही पूर्ण केली, एकोणीस पानं, त्याच छापील अक्षरात. सकाळी ती गवंडी जोडीदाराच्या हाती दिली. आबांच्या पानावर लिहिलं होतं:

‘तारीख, महिने, स्वतःचं नाव, गावाचं नाव येतं. अर्ज स्वतः लिहितात. सकाळी डोळे बरे असतात, संध्याकाळी वाचायला लावू नये. ‘क्ष’ येत नाही, तिथे जागा रिकामी सोडतात. ती आपण भरू नये. विचारतील तेव्हा दाखवावा.’